सिली मिस्टेक म्हणजे कोणती चूक?

सहामाहीचे पेपर हातात पडले की वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बाई, मला येत होतं हो! सिली मिस्टेक झाली."

तुम्हीही म्हणता ना? खरं सांगा बरं! आमची शाळा राहुरी तालुक्यातली, मराठी माध्यमाची. 'माझं'ला 'मपलं' म्हणणारी आमची पोरं. इंग्रजीच्या तासाला उभं केलं की खाली बघतात. पण 'सिली मिस्टेक' कशी अगदी सफाईनं म्हणतात. एकदा मी पेपर बाजूला ठेवले आणि विचारलं, "सिली म्हणजे काय रे?"

"छोटी." "किरकोळ." "येड्यावानी केलेली." मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, जिच्यासाठी घरी मार बसत नाही ती!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्यानंच बरोबर सांगितलं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

या शब्दाची गोष्ट मोठी मजेदार आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा जो पूर्वज होता, त्याचा अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला. जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद 'सेलिग' आजही 'धन्य' अशाच अर्थानं वापरतात. इंग्रजीत मात्र तो घसरत गेला. धन्य माणूस म्हणजे निष्पाप, निष्पाप म्हणजे बिचारा, बिचारा म्हणजे दुबळा आणि शेवटी बावळट! हसू नका, आपण 'भोळा' या शब्दाचं काय केलं? शंकराला भोळा म्हणतो तेव्हा हात जोडतो, आणि "तो काय, भोळाच आहे" म्हणतो तेव्हा डोळे मिचकावतो.

क्रिकेटवाल्यांनी तर मैदानातल्या जागांनाही हे नाव दिलं. सिली पॉइंट, सिली मिड-ऑन. फलंदाजाच्या इतकं जवळ, की तिथं उभं राहणं म्हणजे वेडेपणाच. आपल्या मुंबईचा एकनाथ सोलकर अशाच जवळच्या जागी, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता उभा राहायचा. २७ कसोटींत त्यानं ५३ झेल घेतले. त्या जागेवर कसलंही काम किरकोळ नव्हतं, बरं का!

आता आपल्या वह्यांकडे या. मी एका मुलाची गणिताची वही घेऊन बसले आणि त्याच्या प्रत्येक 'सिली'च्या पुढं मराठी शब्द लिहीत गेले. ६ चा ९ वाचला, ही नजरचूक. हातचा धरायचा राहिला, हा विसराळूपणा. बेरीज सांगितली असताना वजाबाकी केली, म्हणजे प्रश्न धड वाचलाच नाही; हा धांदरटपणा. मीटर आणि सेंटिमीटर तसेच एकमेकांत मिळवले. ही मात्र नजरचूक नाही, ते त्याला समजलेलंच नव्हतं. चार वेगवेगळी दुखणी, आणि त्यानं सगळ्यांना एकच नाव दिलं होतं. डॉक्टरकडे जाऊन "कसंतरी होतंय" एवढंच म्हटलं तर तो औषध कशाचं देणार?

(एका मुलीनं मला ५ सप्टेंबरला भेटकार्ड दिलं होतं, 'शिक्षक दीनाच्या शुभेच्छा'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा. ती चूक मी आजही जपून ठेवली आहे. सगळ्याच चुकांवर रागवायचं नसतं.)

पण मीटर-सेंटिमीटरवाल्या चुकीकडे पुन्हा येऊ. २३ जुलै १९८३ या दिवशी कॅनडात एक प्रवासी विमान माँट्रियलहून निघालं. ओटावाला थांबून एडमंटनला जायचं होतं. त्यात ६९ माणसं होती. विमानात इंधन किती आहे हे दाखवणारं यंत्र बंद होतं, म्हणून इंधनाचा हिशेब हातानं केला. कॅनडात त्या वेळी पौंड जाऊन किलो येत होते. लिटरचं वजन काढायला जो आकडा गुणायचा, तो पौंडाचा घेतला आणि उत्तराला किलो समजले. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. लागणार होतं २२,३०० किलो, भरलं गेलं २२,३०० पौंड. म्हणजे निम्म्याहूनही कमी! गुणाकार अनेकांनी पाहिला, एकक कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

४१ हजार फुटांवर असताना आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. नशीब असं, की कॅप्टनला बिनइंजिनाचं ग्लायडर चालवता येत होतं. त्यानं ते अवाढव्य विमान तरंगत तरंगत गिमली गावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथं त्या दिवशी मोटारशर्यतींचा मेळा भरला होता, धावपट्टीवर मुलं सायकली चालवत होती. विमान आवाज न करता त्यांच्या दिशेनं आलं! कुणीही दगावलं नाही. पण त्या ६९ जणांपैकी कुणाला 'सिली मिस्टेक' म्हणून सांगून बघा.

एवढं लांब तरी कशाला जायचं? तुमच्या घरी कांद्यावर फवारणी असते. औषध एका लिटरला किती आणि एका पंपाला किती, यात घोटाळा झाला तर कांद्याची पात काय म्हणते ते वडिलांना विचारा.

आणि आता माझी गोष्ट. मागं एका वर्षी निकालपत्रक भरताना मी एका मुलीचे ४३ चे ३४ केले. रात्री उशीर झाला होता, दुसऱ्या दिवशी पत्रकं द्यायची होती. ती घरी गेली, बोलणी खाल्ली, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. बोलली काहीच नाही, नुसतं बोट आकड्यावर ठेवलं. माझ्या तोंडात आलंच होतं, "अगं, सिली मिस्टेक झाली गं!" तिचे डोळे सुजलेले दिसले आणि ते शब्द तिथंच अडले.

मी पत्रकातला आकडा खोडला, ४३ लिहिलं, शेजारी सही केली. तिच्या घरी चिठ्ठी लिहिली, 'चूक माझी आहे. मी घाईत होते, आकडे पुन्हा तपासले नाहीत.' तिनं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून कंपासपेटीत ठेवली आणि म्हणाली, "बाई, बाकीच्यांचे पण बघता का एकदा?"

बघितले. आणखी एक सापडला.