दंडात दुप्पट डोस

डायलिसिसच्या पेशंटला लस टोचण्याआधी सिस्टर विचारते, "फिस्टुला कुठल्या हाताला?" फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडलेली धमनी आणि शीर; त्यावर बोट ठेवलं, की कातडीखाली रक्ताची थरथर लागते. तो हात राखीव. लस दुसऱ्या दंडात, आणि हिपॅटायटिस बीची असेल तर दुप्पट: इतरांना २० मायक्रोग्रॅम, यांना ४०. लशीनुसार तीन किंवा चार वेळा.

एवढा आटापिटा का? हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस तग धरतो, आणि डायलिसिस म्हणजे रक्ताचाच व्यवहार. १९६९-७० मध्ये एडिंबराच्या डायलिसिस युनिटमध्ये साथ पसरली तेव्हा रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले.

निरोगी तरुणांमध्ये ही लस शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना लागू पडते. डायलिसिसवरच्या अनेकांना मात्र दुप्पट डोसही पुरत नाही. दोष लशीचा नाही. विषाणूचा तुकडा डेंड्रायटिक पेशींनी उचलून टी पेशींना दाखवायचा, टी पेशींनी बी पेशींना हुकूम द्यायचा, मग प्रतिपिंडं तयार व्हायची, अशी ही साखळी. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तात साठणारी विषद्रव्यं तिची पहिली कडीच ढिली करतात. यंत्र ती सगळी काढू शकत नाही. त्यात वय सत्तरीचं असेल, तर टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी आधीच आक्रसलेली. दुष्काळात तेरावा महिना!

म्हणून लशीत 'चेतवणी' घालतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या हेप्लिसॅव्ह-बीमध्ये जिवाणूंच्या डीएनएसारखा एक छोटा तुकडा असतो. तो दिसताच शरीर खडबडून जागं होतं. डायलिसिसच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात चार डोसांनंतर सुमारे ८९ टक्के जणांना पुरेसं संरक्षण मिळालं. दुसरी वाट कातडीतून जाते. तिथे डेंड्रायटिक पेशींची दाटी असल्याने थोडकी लसही काम करते; पण सुई अचूक थरात जाऊन बारीक फुगवटा उठायला हवा, आणि ते सरावाचं काम.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ साधणं. मूत्रपिंडं थोडीफार चालत असतानाच लस दिली, तर ती जास्त चांगली लागू पडते. आपल्याकडे मात्र कित्येकांना आजार कळतो तो थेट यंत्राला जोडायची वेळ आल्यावर.

शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी हवीच. प्रतिपिंडांचा आकडा १० च्या वर असला, तरी तो दरवर्षी पाहायचा. खाली घसरला, की पुन्हा दंड पुढे करायचा.