सोळापैकी शून्य

6 जानेवारी 2018 रोजी क्लीव्हलंडमध्ये एक मिरवणूक निघाली. लेक ईरीवरून बोचरा वारा सुटला होता, तरी हजारो माणसं अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमला फेरी घालत होती. फेरी घातली की शून्याचा आकार होतो, म्हणून मुद्दाम तसा मार्ग. ब्राउन्स या आमच्या संघाने नुकत्याच संपलेल्या हंगामातले सोळाच्या सोळा सामने गमावले होते आणि लोक तो पराक्रम साजरा करत होते. त्या निमित्ताने गरजूंना अन्न पुरवणाऱ्या फूड बँकेसाठी पैसेही जमले.

नोकरीसाठी या गावात आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजाऱ्याने शिकवलं. तो पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि रविवारी ब्राउन्सची नारिंगी टोपी घातल्याशिवाय चहासुद्धा न पिणारा. संघ हरतोय तरी हा मनुष्य तिकिटं का काढतो, हे कोडं मला उलगडलं ते 1996 ची हकीकत ऐकून. त्या वर्षी मालकाने अख्खा संघ उचलून बाल्टिमोरला नेला. शहराने भांडून नाव आणि रंग तेवढे राखले. नवा संघ मैदानात उतरला 1999 मध्ये. ज्यांनी तीन वर्षं बिनसंघाची काढली, त्यांना हरणारा संघही परवडतो.

पण सोळापैकी सोळा? एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये 32 संघ आहेत. तेव्हा साखळीत प्रत्येकाला 16 सामने मिळायचे. त्यातला एकही न जिंकण्याची करामत आधी फक्त डेट्रॉइट लायन्सने केली होती, 2008 मध्ये. ब्राउन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, डेशॉन कायझर हा 21 वर्षांचा नवखा पोरगा. त्याने टचडाउनचे, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, पास दिले 11 आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला 22 वेळा. त्याची पाठराखण करणारा जो थॉमस 2007 पासून चढाईच्या एकाही चालीला बाहेर बसला नव्हता. सलग 10,363 चालींनंतर ऑक्टोबरमध्ये त्याच्याही दंडाचा स्नायू फाटला.

31 डिसेंबरचा शेवटचा सामना पिट्सबर्गशी होता. त्यांनी आपल्या मुख्य क्वार्टरबॅकला विश्रांती दिलेली. ब्राउन्स 24-28 असे मागे, पण चढाई रंगात आलेली. अखेरच्या संधीला कायझरने अंगावर येणाऱ्यांना चुकवत चेंडू फेकला. कोरी कोलमन मोकळा उभा होता. चेंडू त्याच्या दोन्ही हातांतून निसटला, आणि हंगाम संपला.

एवढं हरूनही संघ बुडत नाही, ही या लीगच्या व्यवस्थेची गंमत. खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याची भीती नाही. राष्ट्रीय टीव्ही हक्कांचे पैसे सगळ्या संघांना सारखे मिळतात. शिवाय कॉलेजातून येणारे नवे खेळाडू आयपीएलसारख्या लिलावात विकत घेता येत नाहीत. ‘ड्राफ्ट’मध्ये संघ त्यांना क्रमाने निवडतात, आणि सर्वांत वाईट संघाचा नंबर पहिला. ब्राउन्सच्या व्यवस्थापनाने हाच हिशेब मांडला होता. आजचे अनुभवी खेळाडू सोडा, निवडीचे हक्क साठवा, उद्या जिंका. पण हक्क साठवण्याच्या नादात 2016 मध्ये कार्सन वेन्ट्झ आणि 2017 मध्ये डेशॉन वॉटसन हे दोन क्वार्टरबॅक त्यांनी दुसऱ्यांना जाऊ दिले. वेन्ट्झच्या फिलाडेल्फियाने त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

शून्याचं बक्षीस म्हणून 2018 मध्ये पहिला नंबर मिळाला आणि बेकर मेफील्ड आला. 20 सप्टेंबरला त्याने जेट्स संघाविरुद्ध 21-17 असा विजय मिळवून दिला. 635 दिवसांनंतरचा पहिला. 2020 च्या हंगामात तर आम्ही पिट्सबर्गला त्यांच्याच घरी बाद फेरीत हरवलं.

मग 2022 मध्ये ब्राउन्सने मेफील्डला सोडलं आणि ज्या वॉटसनला पूर्वी जाऊ दिलं होतं, त्यालाच पहिल्या फेरीच्या निवडीचे तीन हक्क आणि 23 कोटी डॉलरचा हमीचा करार मोजून आणलं. तेही वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केलेले असताना. हरणाऱ्याला व्यवस्था पुन्हा पुन्हा पहिली संधी देते. ती कुणावर लावायची, हे मात्र शिकवत नाही.