'ही', 'शी', 'इट' आणि गडचिरोलीतली घरं

सहावीच्या वहीत एक चूक हमखास सापडते. 'माय मदर इज अ फार्मर. ही गोज टू द फील्ड.' शिक्षक लाल शाईने 'ही'वर फुली मारतात, वर 'शी' लिहितात आणि पुढची वही ओढतात. तिथे बहिणीला 'इट' म्हटलेलं असतं. तिसऱ्या वहीत खुर्ची 'शी' झालेली असते. तिघांनाही शेरा एकच मिळतो : सर्वनामे पाठ करा. पण गडचिरोली जिल्ह्यात अशा तीन वह्या तीन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या घरांतून आलेल्या असू शकतात. म्हणजे चुका तीन प्रकारच्या आहेत आणि त्यांच्यावरचा इलाजही एक असणार नाही.

मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली कुटुंबांची गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचं 1960च्या दशकात इथे पुनर्वसन झालं. बंगालीत माणसासाठी सर्वनाम एकच, मग तो बाप असो की आई. क्रियापदही बाई-पुरुष पाहून बदलत नाही. त्या घरातल्या मुलाला 'ही' आणि 'शी' यांतून निवड करायची असते हेच मुळात नवं असतं. सिरोंचाकडे घरोघरी तेलुगू. तिथे एकवचनी क्रियापदाचं एक रूप पुरुषासाठी, आणि दुसरं बाई, जनावर, वस्तू अशा उरलेल्या सगळ्यांसाठी. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या माडिया-गोंडीतही विभागणी साधारण अशीच : पुरुषमाणसं एकीकडे, बाकी सगळं एकीकडे. या मुलाला 'ही' लवकर जमतो. घोटाळा होतो तो 'शी' आणि 'इट' यांच्यात. मराठी घरातल्या मुलाकडे तो, ती, ते असे तिन्ही असतात, पण ते निर्जीव वस्तूंनाही लागतात. दगड तो, खुर्ची ती, झाड ते. म्हणून खुर्ची 'शी' होते. शिवाय मराठी कानाला 'ही' हा शब्द बाईचाच वाटतो. 'ही मुलगी' म्हणणाऱ्या मुलाने इंग्रजीत शिरताच 'ही' म्हणजे पुरुष समजायचं, हे ओझं आपण मोठी माणसं विसरून गेलेलो असतो.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 साली एका निबंधात मांडलं, की शिकणाऱ्याच्या चुकांत त्याच्या मनात तयार होत असलेले नियम दिसतात. भाषाशिक्षणाच्या अभ्यासात ही गोष्ट आता जुनी झाली आहे. आपल्या तपासलेल्या वह्यांपर्यंत ती अजून आलेली नाही.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा आज बारा तालुक्यांचा आहे. मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. 2000 साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून सुरू झाली. म्हणजे सहावीत आलेल्या मुलाने कागदोपत्री पाच वर्षं इंग्रजी शिकलेली असते. देशाच्या ग्रामीण भागाची 'असर' पाहणी सांगते, की इंग्रजीतली साधी वाक्यं वाचू शकणारी आठवीतली मुलं 2009 साली 60.2 टक्के होती, 2016 साली 45.2 टक्के. वर्षं वाढवून वाचन वाढलं नाही. आणि भामरागडच्या मुलाला इंग्रजी ज्या मराठीतून समजावली जाते, ती मराठीच त्याने शाळेत येऊन शिकलेली असते. शिष्यवृत्ती परीक्षेत मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजीला 'तृतीय भाषा' म्हणतात. या मुलाची पहिली भाषा त्या प्रश्नपत्रिकेत कुठेच नसते.

आपल्याकडे इंग्रजीचा सराव म्हणजे काय, हे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कैक पिढ्यांच्या मनात पक्कं केलं. नियम सांगा, मराठी वाक्य द्या, इंग्रजी करून घ्या. मराठी ज्याची घरची भाषा, त्याला ती पद्धत उपयोगी पडली आणि अनेकांनी त्यावर उत्तम इंग्रजी कमावली, हे मान्य करायलाच हवं. आता तिची जागा गाळलेल्या जागांनी आणि चार पर्यायांनी घेतली आहे. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, सगळे बहुपर्यायी. त्यामुळे सराव म्हणजे पर्याय ओळखणं. 'शी डॅश टू स्कूल', गो की गोज? मूल 'गोज'ला गोल करतं, गुण मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच मूल बोलताना 'शी गो' म्हणतं. ओळखता येणं आणि स्वतः बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उच्च प्राथमिकच्या वर्गांत पहिलीलाच दुसरी समजलं जातं, हे मला फार खटकतं.

आता ज्या ठिकाणी या सगळ्या घरांची अडचण एकच आहे तिथे या. मराठी, गोंडी, तेलुगू, बंगाली या चारही भाषांत साध्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच मागे. म्हणून पहिला सराव हाच हवा आणि तो वहीत नको. तीन मुलांना समोर उभं करा. एकाच्या हातात 'मदर'ची पट्टी, दुसऱ्याच्या हातात 'राईस', तिसऱ्याच्या हातात 'कुक्स'. आधी मुलं आपापल्या घरच्या भाषेच्या क्रमाने उभी राहतील : आई, भात, शिजवते. मग 'कुक्स'वाल्याने चालत मध्ये यायचं. वर्ग मोठ्याने वाचेल. आता 'राईस'वाला बसेल आणि 'फिश'वाला येईल. मग 'मदर'च्या जागी 'आय' आला, तर 'कुक्स'मधल्या शेवटच्या 'एस'चं काय करायचं? तो 'एस' वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पट्टीला टाचणीने लावलेला असावा. 'आय', 'यू', 'वुई', 'दे' आले की टाचणी काढायची. 'ही', 'शी', 'इट' किंवा कुणाचं नाव आलं की लावायची. हा खेळ रोज दहा मिनिटं चालला, की मुलं आपण होऊन ओरडतात, 'एस काढ, एस काढ!' नियम तोंडी बसतो. व्याख्या नंतर सांगितली तरी चालते.

या 'एस'ची एक वेगळीच खोच आहे. नामाला लागला की तो अनेक असल्याची खूण : बॉय, बॉइज. क्रियापदाला लागला की एकच असल्याची. 'बॉइज प्लेज' लिहिणारं मूल आळशी नसतं, उलट फार नीट विचार करणारं असतं. मुलं अनेक आहेत, मग दोन्हीकडे अनेकाची खूण हवी, असा हिशेब त्याने केलेला असतो. त्याला एवढंच सांगायचं, की साध्या वर्तमानकाळात 'ही, शी, इट'च्या घरी 'एस' एकाच ठिकाणी राहतो : कर्त्याला लागला तर क्रियापद मोकळं, कर्ता मोकळा तर क्रियापदाला. वाक्याच्या तीन-चार जोड्या फळ्यावर मांडल्या की त्याचं त्यालाच दिसतं.

'हॅव'वर थोडं जास्त थांबायला हवं. मराठीत 'हॅव'ला सरळ जुळणारं क्रियापद नाही. माझ्याकडे सायकल आहे, मला दोन भाऊ आहेत, मला ताप आहे, आमच्या घराला एकच दार आहे. कुठे 'कडे', कुठे 'ला', आणि चारही ठिकाणी क्रियापद 'आहे'. बंगालीत आणि तेलुगूतही गोष्ट 'असते', माणूस तिला 'बाळगत' नाही. मग 'इज म्हणजे आहे' असं पाचवीत घोकलेलं मूल 'टू मी टू ब्रदर्स इज' असं काहीतरी रचतं. इथे 'हॅव'चा मराठी अर्थ सांगत बसू नये; तो सांगताच येत नाही. वर्गभर एकच प्रश्न फिरवावा : तुझ्याकडे काय आहे? 'आय हॅव अ गोट.' 'आय हॅव थ्री सिस्टर्स.' 'आय हॅव अ फीव्हर.' मग शेजारच्याबद्दल : 'शी हॅज अ गोट.' चाळीस मुलांच्या वर्गात पंधरा मिनिटांत ऐंशी वाक्यं होतात, आणि सगळी खरी असतात. 'डू' आणि 'डज'चे प्रश्न याच्याच पाठोपाठ घ्यावेत, कारण बकरीबद्दल आधी बोलून झालेलं असलं, की 'डू यू हॅव अ गोट?' विचारायला कारण मिळतं. 'अ' आणि 'ॲन'ला मात्र फार वेळ द्यायची गरज नाही. अक्षर पाहू नका, आवाज ऐका, एवढं पुरे. 'अ बस', पण 'ॲन एस.टी. बस', 'अ युनिफॉर्म', पण 'ॲन अंब्रेला'.

शब्दसंग्रहाचं काय? सरावपुस्तिकांतल्या याद्यांत समुद्रकिनारा असतो, दीपगृह असतं, सरकता जिना असतो. ते शब्द यायला नकोत असं नाही. पण या जिल्ह्यातल्या मुलांच्या घरी आधीच इंग्रजी शब्दांचा मोठा साठा पडून आहे आणि तो कुणी मोजत नाही. त्यातले बरेच शब्द जंगलखात्याबरोबर आले. रेंजर, बीट, गार्ड, डेपो, कंपार्टमेंट, कूप (लाकूडतोडीचा नेमलेला पट्टा) हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांच्याही तोंडी असतात. त्यातलाच 'रेंज' घ्या. आलापल्लीची रेंज म्हणजे वनपरिक्षेत्र. मोबाइलला रेंज नाही, म्हणून पोरं टेकडीवर चढतात, ती वेगळी रेंज. कापडाच्या दुकानात 'तुमची रेंज सांगा' म्हणतात, ती तिसरी. 'नेट'चंही तसंच. हिवतापाच्या या जिल्ह्यात आरोग्य कर्मचारी वाटतात ती मच्छरदाणी नेट, मासे धरायचं जाळं नेट, फोनमधलं नेट, व्हॉलीबॉलचं नेट. 'पोस्ट' म्हणजे टपाल, नोकरीची जागा आणि पोलिसांचं ठाणंही. एका शब्दाला अनेक अर्थ असतात हा धडा देण्यासाठी बाहेरून एकही शब्द आणावा लागत नाही. प्रत्येक अर्थाचं एकेक वाक्य करून घ्यायचं, की शब्दाबरोबर व्याकरणाचाही सराव होतो.

उलट दिशेनेही जाता येतं. धान, तांदूळ, भात असे तीन शब्द इथलं पोर रोज वापरतं. इंग्रजी शेतातल्याला 'पॅडी' म्हणते आणि डब्यातल्या-ताटातल्या दोन्हींना 'राईस'. रोवणीसाठी 'ट्रान्सप्लांट' हा शब्द सातवीच्या मुलाला जड नाही, कारण चिखलात उभं राहून ते काम त्याने पाहिलेलं असतं, बहुतेकदा केलेलं असतं. आणि काही इंग्रजी शब्द तर इथल्या भाषांतूनच गेले आहेत. 'मुंगूस' मराठीतून 'मंगूस' होऊन इंग्रजीत गेलं. घुशीला इंग्रजीत 'बँडिकूट' म्हणतात, तो तेलुगूतला 'पंदिकोक्कु'. सागाला 'टीक' म्हणतात आणि सिरोंच्याच्या तेलुगू घरात 'टेकु'. इंग्रजांकडे तो शब्द दक्षिणेतून पोर्तुगीजांमार्फत पोचला. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे इंग्रजी नाव मिरवणाऱ्या सागवनाच्या जिल्ह्यात ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असायला हवी होती. नाही, तर शिक्षकांनी वर्गात सांगावी. तेलुगू बोलणारं पोर त्या दिवशी वर्गाला शब्द शिकवेल.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की शिक्षकाला गोंडी, तेलुगू, बंगाली कुठून येणार? बदलीवर आलेल्या शिक्षकाकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही. पण 'हे तुझ्या घरी कसं म्हणतात?' हा प्रश्न विचारायला ती भाषा यावी लागत नाही. उत्तर मुलं देतात. फळ्यावर चारही भाषांतली वाक्यं देवनागरीत एकाखाली एक लिहिली, की क्रियापद कुठे बसतं ते सगळ्यांना दिसतं. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असं संविधानाचं कलम 350-अ सांगतं, आणि शिक्षणहक्काचा 2009चा कायदाही शक्य तिथे मातृभाषेचंच माध्यम असावं म्हणतो. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच आधारावर. त्या शाळेच्या मान्यतेचा वाद वेगळा. पण घरची भाषा धरून ठेवली तर इंग्रजी मागे पडेल ही भीती अनाठायी आहे. चामोर्शी तालुक्यात घोटच्या नवोदय विद्यालयात सहावीला आलेली मुलंही पहिली दोन-तीन वर्षं प्रादेशिक भाषेतून शिकतात आणि मग गणित-विज्ञानासाठी इंग्रजीकडे वळतात. सहावी ते आठवी हीच त्यांची पूल बांधायची वर्षं. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांनाही तेवढाच वेळ मिळतो, फक्त तो गाळलेल्या जागा भरण्यात जातो.

पालक अशिक्षित आहेत, घरी अभ्यास कोण घेणार, हेही ऐकू येतं. घरी अभ्यास घ्यायचा नाही, शब्द आणायचे आहेत. सुटीत घरी गेलेल्या आश्रमशाळेच्या मुलाने आजोबांना विचारावं, कूपात काम करताना साहेब लोक कोणते शब्द बोलायचे? आईला विचारावं, तेंदूपत्त्याच्या फडावर मोजणीच्या वेळी कोणते इंग्रजी शब्द कानावर येतात? दहा शब्द आले तरी पुष्कळ. ती यादी फळ्यावर आली की प्रत्येक शब्दाचं वाक्य मुलानेच करावं, आणि आजोबांचं काम आता संपलेलं असल्यामुळे ते भूतकाळातच करावं लागेल : 'माय ग्रँडफादर वर्क्ड ॲट द डेपो. ही कॅरीड लॉग्ज. ही काउंटेड बांबूज.' 'ईडी'चे तीन उच्चार, वर्क्डमधला ट्, कॅरीडमधला ड् आणि काउंटेडमधला इड्, या तीन वाक्यांत आले आहेत. पुढच्या तासाला तिथून सुरुवात करता येईल.