पुढच्या शॉकअपची स्प्रिंग ‘कडक’ म्हणजे काय?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता दुधाच्या किटल्या, शिलाईचे गठ्ठे नाहीतर मागे लेकरू घेऊन स्वतः मोटरसायकल चालवतात. गॅरेजात गेलं की ऐकू येतं, “ताई, पुढचा शॉकअप लूज पडलाय, स्प्रिंग कडक करून देतो.” पैसे मोजण्याआधी हा ‘कडक’ शब्द कळायला हवा, म्हणून आम्ही आज हा विषय घेतलाय.

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना नळ्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत प्रत्येक नळीत एक लांब स्प्रिंग आणि ऑईल असतं. स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला किती वजन लागतं, तो तिचा कडकपणा. समजा, एकीला अर्धा किलो लागतो. मग दोघींना मिळून एक किलो. पुढच्या चाकावर 30 किलो वाढले, की गाडी साधारण 30 मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी खाली बसणार.

हा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची रुंदी आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. त्यात जाडीचा जोर फार. तार एक दशांशाने जाड घेतली तरी कडकपणा जवळजवळ दीडपट होतो! वेढे कमी केले तरी स्प्रिंग कडक होते. अर्धी कापली तर उरलेला तुकडा दुप्पट कडक. पण लांबीही निम्मी झाली ना? स्प्रिंग कापायचा उद्योग आम्हाला मुळीच पटत नाही.

पुष्कळदा स्प्रिंगच्या डोक्यावर वॉशर किंवा पाइपचा तुकडा घालून देतात. गाडी पुढून उंच उभी राहते, आपल्याला वाटतं कडक झाली. पण तार तीच, वेढे तेच. पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला पूर्वीइतकंच वजन लागणार. बाजेच्या पायांखाली विटा ठेवल्या तर बाज उंच होते, तिचा काथ्या घट्ट होत नाही.

जुनी स्प्रिंग ‘बसते’ म्हणजे तिची उंची कमी होते. मेकॅनिकदादांना म्हणावं, नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून दाखवा. कमी भरली तर दोन्ही बदला, एकच नको.

ब्रेक लावला की वजन पुढे येतं, गाडी थोडी झुकणारच. पण खड्ड्यानंतर ती वरखाली नाचत राहिली, तर आधी ऑईल बघा. स्प्रिंग उसळी मारते, ऑईल तिला शांत करतं. चकचकीत नळीवर तेलकट धूळ चिकटली असेल तर ऑईल सील गेलंय. ते तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरलं तर ब्रेक धरत नाही. अशी गाडी चालवूच नका.

आणि किटल्या? मागच्या चाकाच्याही मागे लटकलेलं ओझं पुढचं चाक उलट हलकं करतं. हँडल डुलायला लागलं तर आधी ओझं पुढे सरकवून बांधा.

नळी उघडी असेल तर घरच्या घरी पाहता येतं. चकचकीत भागाला, खालच्या रबरी टोपीला टेकून एक रबर बँड गुंडाळा आणि नेहमीच्या रस्त्याने नेहमीचं ओझं घेऊन जाऊन या. नळी जितकी दबली तितकं रबर वर सरकलेलं दिसेल. दर खेपेला ते पार वर पोचत असेल आणि ऑईलही बरोबर असेल, तरच कडक स्प्रिंगचं बोला. निम्म्यापर्यंतही जात नसेल आणि मनगटं दुखत असतील, तर तुमची स्प्रिंग बहुधा आधीच जास्त कडक आहे.