जावा पुन्हा रस्त्यावर (भाग ७) : क्रोम काही झाकत नाही

मागच्या भागात इंजिन उतरलं, क्रँक नव्या कनेक्टिंग रॉडसाठी वर्कशॉपला गेला आणि मामाच्या गाडीचा सांगाडा पडवीत दोन लाकडी ठोकळ्यांवर उभा राहिला. त्यानंतर जी पत्रं आली, त्यांत इंजिनाबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. बहुतेकांनी विचारलंय ते क्रोमबद्दल. कुठे करून घ्यावं, खर्च कुठे वाचवावा, आणि एकाचं क्रोम पंधरा वर्षं लखलखतं तर दुसऱ्याचं पहिल्याच पावसाळ्यात का फुटतं? म्हणून चाकांचा विषय आठवडाभर पुढे ढकलतो.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो : गाडी १९६९ ची जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली. मरून रंग, टाकीच्या दोन्ही गालांवर क्रोम, त्यावर गुडघ्यांसाठी रबरी पॅड, मागे दोन सायलेन्सर. किक मारायचा दांडा आत दाबून पुढे फिरवला की तोच गियरचा दांडा होतो, ती ही गाडी. मिरजेजवळ गोठ्याला लागून असलेल्या पडवीत ती बावीस वर्षं उभी होती. क्रोमचे नग मोजले, तर लहानमोठे धरून सव्वीस भरले. त्यातला एकही गंजावाचून राहिलेला नव्हता.

कल्हईवाला आठवा. भांड्याला कथील लावायला त्याला क्षणभर पुरायचा. खरा वेळ जायचा तो भांडं घासण्यात, तापवण्यात, नवसागर फिरवण्यात. क्रोमचं तसंच आहे. ज्याला आपण क्रोम म्हणतो त्यातला प्रत्यक्ष क्रोमियमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरला, तर हा थर केसापेक्षा १४० ते २८० पट पातळ झाला. तो चढायला काही मिनिटं लागतात. तो कठीण असतो, हवेत स्वतःवरच ऑक्साइडचं न दिसणारं कवच धरतो, त्यामुळे काळवंडत नाही. पण पाणी अडवणं हे त्याचं काम नव्हे. त्याच्यात सूक्ष्म भेगा आणि छिद्रं असतात. लोखंडाला गंजापासून वाचवतो तो खालचा निकेलचा थर, चांगल्या कामात वीस-तीस मायक्रॉनचा. निकेलच्याही खाली तांबं असतं, ते गंजाने पडलेले बारीक खड्डे भरून, घासून सपाट करण्यासाठी. आपण ज्यात तोंड पाहतो तो आरसा निकेलचा, क्रोम म्हणजे त्या आरशावरची काच.

हे मला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गाडीचं हँडल मी एका प्लेटिंगवाल्याकडे दिलं होतं. चार दिवसांत परत आलं, स्वस्तात आलं, आणि डोळे दिपतील असं चमकत होतं. दिवाळीत बसवलं. पुढच्या श्रावणात त्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, भाद्रपदात त्यांच्या पुळ्या झाल्या. कानशीने एक कडा घासून पाहिली तर चंदेरी पापुद्र्याखाली थेट लोखंड होतं. तांब्याची लाल रेघ कुठेच दिसली नाही, निकेलही नावापुरतंच. छिद्रातून पाणी खाली उतरलं, लोखंड गंजलं, गंजलेलं लोखंड फुगतं, म्हणून वरच्या थराला पुळी आली. ते हँडल आजही माझ्या टेबलावर आहे. नव्या माणसाला समजावून सांगताना ते हातात देतो.

आता तांब्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी मेख तिथे आहे. शाळेत मोरचुदाच्या निळ्या पाण्यात खिळा बुडवायचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. वीज नाही, काही नाही, थोड्या वेळात खिळा लाल होतो. लोखंड पाण्यात जातं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. पण तो लाल थर बोटाने पुसला तर निघून येतो. प्लेटिंगवाल्याला नेमकं हेच टाळायचं असतं. लोखंडी नग थेट मोरचुदाच्या आम्ली टाकीत सोडला, तर विजेने काम सुरू करायच्या आधीच हे सैल तांबं त्याला धरतं, आणि पुढे त्यावर कितीही चांगलं निकेल-क्रोम चढवा, सगळा डोलारा पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी वेगळ्या टाकीत, सायनाइडयुक्त द्रावणातून तांब्याचा, नाहीतर निकेलचा एक पातळ, घट्ट थर देतात आणि मगच मोरचुदाच्या टाकीतलं भरीव तांबं चढवतात. तुम्ही काम टाकायला जाल तेव्हा दर विचारायच्या आधी एवढंच विचारा, की लोखंडावर पहिला थर कशाचा देता? जो माणूस न अडखळता उत्तर देतो, त्याच्याकडे नग ठेवून यावं.

या वेळी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारागिराकडे मी गेलो, त्यांनी माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. हँडल हातात फिरवून, वाकणाच्या आतल्या बाजूला अंगठा लावून म्हणाले, "साहेब, इथं तांबं दोनदा होणार. एकदा चढवायचं, घासायचं, खड्डा राहिला तर परत चढवायचं. पंधरा दिवस लागतील. घाई असेल तर आत्ताच सांगा." त्यांनी अंगठा नेमका योग्य जागी लावला होता. वीज कडांकडे आणि टोकांकडे धावते. खोलगट जागी, वाकणाच्या आतल्या बाजूला, रिमवर तारांच्या भोकांच्या खोलग्यांत थर नेहमीच पातळ बसतो. जुन्या गाडीचं क्रोम आधी तिथेच जातं. चांगला कारागीर त्या जागेसमोर वेगळा अ‍ॅनोड टांगतो, आणि त्याचे पैसे तो मागतो, ते द्यावेत.

सायलेन्सर मात्र त्यांनी परत केले. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये वर्षानुवर्षांचं जळकं तेल आणि काजळी साठलेली असते. ती टाकीत उतरली तर सगळं द्रावण नासतं. "आतून कोरडे करून आणा," एवढंच म्हणाले. भट्टीत तापवून, आतली काजळी जाळून, नंतर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून ते स्वच्छ झाले. प्लेटिंगनंतरही एक काम उरतं, ते बहुतेक जण विसरतात. दुमडीत आणि सांध्यांत अडकलेलं आम्ल भरपूर पाण्याने धुवून काढायचं, नाहीतर ते महिन्याभराने पाझरून नव्या क्रोमवर ओघळ उमटवतं.

प्लेटिंग घरी करायचं सामान हल्ली मिळतं, आणि दोन तरुण वाचकांनी त्याबद्दल उत्साहाने विचारलंय. निकेलपर्यंतचा प्रयोगही जपूनच करावा, पण क्रोमच्या वाट्याला कृपा करून जाऊ नका. त्या टाकीतलं क्रोमिक आम्ल कर्करोगकारक आहे. द्रावणातून उठणारे बुडबुडे फुटले की त्याचे तुषार हवेत मिसळतात. जुन्या कारखान्यांतल्या कामगारांच्या कातडीवर न भरणारे व्रण पडत, नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडे. धुतलेलं पाणी गटारात गेलं की पुढे विहिरीत जातं. कुपवाडला मी आधी बाहेर पडणाऱ्या पाण्यावरची प्रक्रिया पाहिली आणि मग नग दिले. आपल्या हौसेची किंमत त्या टाकीशेजारी उभ्या असलेल्या माणसाने त्याच्या फुप्फुसाने मोजू नये, असं मला मनापासून वाटतं. याच कारणाने सव्वीसपैकी नऊ नग मी प्लेटिंगला दिलेच नाहीत. त्यांचा गंज वरवरचा होता. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला की असा गंज उतरतो, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते आणि ओरखडा काढत नाही. नंतर मेणाचा हात. बारकाईने पाहिलं तर ठिपके दिसतात. असू द्यावेत.

स्प्रिंगा आणि ताण सोसणारे कडक बोल्टही चमकवायच्या मोहात पडू नये. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, तो कडक पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. वरून आरशासारखा दिसणारा बोल्ट मग एखाद्या दिवशी काही सूचना न देता तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजून हा हायड्रोजन बाहेर काढता येतो, पण ते भाजणं खरोखर झालं की नाही हे आपल्याला बाहेरून कळायचा मार्ग नाही. असे नग मी स्वच्छ करून, तेल लावून तसेच बसवणार आहे.

इंजिनाची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं हाताने घासली, मोटारीवरचं चाक लावलं नाही. बफिंगच्या चाकाला कडा कळत नाहीत. ते धार गोल करतं, भोकाचं तोंड पसरवतं, उठावाची अक्षरं पुसून टाकतं, आणि एकदा गेलेला धातू परत येत नाही. क्रँककेसवर काचेच्या मण्यांचा मारा करून घ्या असा सल्ला पुष्कळ मिळाला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं. एक मणी जरी कोपऱ्यात राहिला, तरी त्याच्यासमोर बेअरिंगच आहे. मी नको म्हटलं.

आता टाकी. या गाडीचा जीव तिच्या टाकीत आहे, आणि आजच्या लेखाचं नाव मला टाकीनेच दिलं.

डाव्या गालावर नारळ बसेल एवढी पोच होती. नुसता रंग असता तर प्रश्न नव्हता. थोडा पत्रा ठोकायचा, वर लांबी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या लांबीवरच गुळगुळीत आहेत. पण लांबीतून वीज वाहत नाही, आणि जिथे वीज नाही तिथे तांबं बसत नाही, निकेल बसत नाही. क्रोमचा गाल हवा असेल तर पत्रा पत्र्यानेच सरळ झाला पाहिजे, शेवटच्या केसाएवढ्या लाटेपर्यंत. रंग माफ करतो. क्रोम ती लाट दुप्पट करून दाखवतं, कारण आरशात सरळ रेषा वाकडी दिसली की डोळा तिथेच अडकतो.

डेंटिंगचं काम करणारे मिस्त्री टाकी घेऊन तीन संध्याकाळ बसले. खालून एक खिडकी कापावी लागली. त्याआधीची खबरदारी मुद्दाम लिहितो, कारण इथे माणसं दगावलेली आहेत. पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा तापली की गंजात मुरलेलं पेट्रोल सोडते. आम्ही धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्याने ती पुनःपुन्हा धुतली, खिडकी हातकरवतीने कापली, आणि परत झाळताना झाळायची जागा तेवढी वर ठेवून बाकी टाकी पाण्याने भरली. मिस्त्री डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचे, खडूने गोल काढायचे, आत लोखंडी टेकू धरून बाहेरून चार हलके ठोके द्यायचे, आणि परत तळवा. तिसऱ्या संध्याकाळी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब गालावरून न तुटता सरकलं, तेव्हाच त्यांनी हातोडी खाली ठेवली.

आतला गंज फॉस्फरिक आम्लाने काढला आणि लगेच सुकवून टू-स्ट्रोकचं तेल फिरवलं. हे बाहेरच्या कामाआधीच करायचं, नाहीतर गळलेलं आम्ल सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं. मग क्रोम, आणि क्रोमनंतर रंग. हाच क्रम, कारण रंगवलेली टाकी आम्लाच्या हौदात टिकणार नाही. क्रोमला रंग धरत नाही, म्हणून रंगवायचा तेवढा भाग वॉटर पेपरने खरवडून मंद करावा लागतो, त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर मरून. गालाची कड बारीक टेपने आखून घेतली आणि टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत काढली. उशीर केला तर कडेचा रंग टेपबरोबर येतो. दोन भाग मिसळून मारायचा पीयू रंग वापरला. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडतो, त्यासाठी साधा रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क लागतो. कोरडी हवा मिळेपर्यंत आम्ही आठ दिवस थांबलो. पावसाळी ओलीत रंग धुरकटतो.

सांगाड्याला पावडर कोटिंग केलं नाही. ते टिकाऊ असतं, पण जाड असतं. बेअरिंग कपांच्या जागा आणि आटे त्यात बुजतात, ठोकलेला चासी नंबर पुसट होतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हीए मालिकेचा वेगळा नंबर देऊ केलाय. अशी नोंदणी करायची असेल तर तो ठोकलेला नंबर स्पष्ट वाचता यायला हवा. साधा काळा रंग मारला, दोन हात.

मरून नेमका कुठला, हा शेवटचा प्रश्न होता. वरचा रंग उन्हाने विटून विटकरी झालेला. मूळ छटा सापडली टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी पोचलंच नाही. पेंटरनी त्यावर नमुने धरून पाचव्या मिश्रणाला मान हलवली. त्याच झाकणावर आत, पांढऱ्या ऑइलपेंटने, मामाच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय : "५ लि. – तेल २५०". एकाला वीस, जावाचं प्रमाण. खाली कुणाच्या तरी फोनचे चार आकडे, अर्धवट.

झाकणाची बाहेरची बाजू घासून झाली, प्रायमर झाला. पेंटरनी झाकण उलटं केलं आणि विचारलं, "आतनं पण मारून टाकू का?"

मी वर्तमानपत्राचा तुकडा कापून आतल्या बाजूवर धरला, त्यांनी चारही कडांना टेप लावली.

(पुढील भागात : छत्तीस तारा, एक हब आणि चाकाचा आऊट)