डांबरी सडकेला तंतूंची बळकटी

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो चांगल्या स्थितीत बाजारात पोचविणे महत्त्वाचे आहे. टोमॅटो, केळी, द्राक्षे यांसारखा नाशवंत माल खड्ड्यांच्या वाटेने गेला तर वाटेतच दबतो, फुटतो, आणि शेतात केलेले श्रम त्या प्रमाणात वाया जातात. गावाला डांबरी सडक झाली म्हणजे हा प्रश्न सुटला, असे आपण मानतो. परंतु काही पावसाळ्यांतच सडकेला भेगा पडतात, चाकोऱ्या उमटतात व खडी उखडते, असा अनुभव पुष्कळ गावांना येतो. सडक अधिक काळ टिकावी म्हणून डांबरात अथवा सडकेच्या बुडाशी तंतू घालण्याची पद्धत आता रूढ होत आहे. त्यांपैकी काही तंतू आपल्याच वाडीत तयार होतात. म्हणून या पद्धतीचा लाभ कोणता आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, हे शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

तंतूंनी काय साधते?

भिंतीला नुसत्या मातीचा गिलावा केला तर तो वाळताच तडकतो. म्हणून चिखलात भुसा किंवा बारीक काड मिसळून तो मळण्याची जुनी रीत आहे. काडाचे तुकडे मातीला आतून धरून ठेवतात. डांबरी थराची गोष्ट अशीच आहे. तो दाब सहन करतो, पण ताण सहन करण्यात कमी पडतो. उन्हाळ्यात डांबर मऊ होऊन चाकांखाली दबते व चाकोरी पडते. थंडीत ते कडक होऊन तडकते. मिश्रणात सर्वत्र पसरलेले तंतू हा ताण वाटून घेतात आणि बारीक भेग रुंदावू देत नाहीत. त्यांचा दुसराही एक उपयोग आहे. गरम डांबर पातळ असताना खडीवरून निथळून खाली जाऊ पाहते. तंतू त्याला जागच्या जागी थोपवतात, त्यामुळे खडीवर डांबराचा जाड लेप बसतो.

कापसापासून काथ्यापर्यंत

आपल्या कापूस उत्पादकांना नवल वाटेल, पण सडकेत घातलेले पहिले कापड सुताचे होते. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना या कापूस पिकविणाऱ्या राज्यात १९२६ साली मातीच्या पायावर जाड सुती कापड अंथरून त्यावर गरम डांबर व वाळू पसरण्यात आली. या प्रयोगांचे निष्कर्ष १९३५ साली प्रसिद्ध झाले. कापड शाबूत होते तोवर सडकेला भेगा कमी पडल्या व ती चांगली राहिली. कापड कुजले तेव्हा हा लाभही संपला. तंतू उपयोगी खरा, पण तो कुठे व किती काळ टिकणार हे आधी पाहिले पाहिजे, असा धडा त्यातून मिळाला.

पुढे १९६० नंतरच्या दशकात जर्मनीमध्ये मोठी खडी अधिक प्रमाणात घेऊन, भरपूर डांबर व थोडे तंतू घातलेले मिश्रण तयार झाले. बर्फात घसरू नये म्हणून तेथील गाड्यांच्या टायरांना खिळे लावीत व त्यांनी सडका झिजत. हे मिश्रण त्या झिजेला पुरून उरले. आपल्या देशात इंडियन रोड्स काँग्रेसने अशा मिश्रणाची मानके २००८ साली प्रसिद्ध केली. त्यात लाकडाच्या लगद्यापासून केलेले तंतू वजनाच्या सुमारे ०.३ टक्के, म्हणजे एक टन मिश्रणास ३ किलो पडतात. त्यांच्या जागी काथ्या वापरून केरळ व ओडिशातील अभियांत्रिकी संस्थांच्या प्रयोगशाळांत चाचण्या झाल्या. काथ्याने डांबर निथळणे थांबते व मिश्रणाची ताकद वाढते, असे त्यांत आढळून आले. घायपाताचा वाख व केळीच्या खोडाचा धागा यांवरही असे प्रयोग झाले आहेत.

सडकेच्या बुडाशी काथ्याची जाळी

वरील मिश्रण मुख्यतः मोठ्या वाहतुकीच्या महामार्गांसाठी आहे. ग्रामीण सडकेला अधिक जवळचा उपाय म्हणजे काथ्याची विणलेली जाळी. ती डांबरात न घालता खालची माती व वरची खडी यांच्या मध्ये अंथरतात. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. ओल्या काळ्या मातीत खडी रुतते, माती खडीत शिरते, पाया बसतो आणि वरचे डांबर फाटते. जाळी माती व खडी यांना वेगळे ठेवते, पाणी जाऊ देते आणि भार पसरविते. काथ्यात लिग्निन हा घटक पुष्कळ असल्याने तो इतर वनस्पतिजन्य धाग्यांपेक्षा सावकाश कुजतो. तो कुजेपर्यंत खालची माती दबून घट्ट व्हावी, अशी यातील योजना आहे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांतील १,६७४ किलोमीटर सडकांना काथ्याची जाळी वापरण्याचे २०२० साली जाहीर झाले. त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८ किलोमीटर होते. एकूण गरज एक कोटी चौरस मीटर जाळीची, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ६,००० चौरस मीटर धरण्यात आली होती.

शेतकऱ्याचा हिशेब

आता यातून शेतकऱ्यास काय मिळेल ते पाहू. चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची जाळी धरली तर एका किलोमीटरला सुमारे ४,२०० किलो काथ्या लागेल. हजार सोडणांतून साधारण ८० किलो काथ्या निघतो; म्हणजे सुमारे ५२,००० सोडणे लागतील. कोकणात पुष्कळ सोडणे न्हाणीच्या चुलीत जातात. एकट्या बागायतदारास एवढा माल जमविणे कठीण, परंतु गावांच्या सहकारी संस्थेस किंवा बचत गटांस ते अशक्य नाही. काथ्या स्वच्छ, कोरडा व भुसा झाडलेला असावा. उरलेला भुसा रोपवाटिकेत उपयोगी पडतो.

याउलट महामार्गाच्या मिश्रणाला तंतू फारच थोडे लागतात. सात मीटर रुंद व चार सेंटिमीटर जाड थराच्या एका किलोमीटरला सुमारे दोन टन तंतू पुरतात. म्हणून सडकेसाठी मागणी येईल या आशेने कोणी नव्याने घायपाताची लागवड करू नये. जे वाया जाते त्यालाच मोल आणावे, हे शहाणपणाचे होय.

पाण्यापुढे तंतू निरुपाय

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या सडकेवर पाणी साचते ती कोणत्याही तंतूने टिकत नाही. पाणी भेगेतून आत शिरते, डांबर व खडी यांची पकड सोडविते आणि पाया मऊ करते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील काळजी घ्यावी :

(१) पावसाळ्यापूर्वी सडकेच्या बाजूच्या चाऱ्या व मोऱ्या गाळ काढून मोकळ्या कराव्यात. शेतात जाण्यासाठी चारी बुजवू नये. तेथे नळा टाकावा.

(२) शेताचे जादा पाणी सडकेवर सोडू नये. बाजूपट्टी नांगरून शेतात घेऊ नये.

(३) पाण्याची नळी सडकेपलीकडे न्यावयाची झाल्यास परस्पर चर खणू नये. रीतसर परवानगी घेऊन काम करावे व चर थराथराने ठोकून भरून द्यावा.

(४) उसाच्या ट्रॉल्या प्रमाणाबाहेर भरू नयेत. भार थोडा वाढला तरी सडकेची हानी त्याच्या कितीतरी पट वाढते.

(५) ग्राम सडक योजनेतील सडकेची पहिली ५ वर्षे देखभाल करणे ठेकेदारावर बंधनकारक असते. सडकेवरील फलकावर ही मुदत पाहून ठेवावी, आणि भेगा दिसू लागताच ग्रामसभेत ठराव करून संबंधित अभियंत्यास लेखी कळवावे. मुदत संपल्यावर केलेल्या तक्रारीचा उपयोग कमी होतो.

बांध फुटला की शेतकरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही, कारण त्या एका फुटीतून शेताची माती वाहून जाते हे तो जाणतो. सडकेची पहिली भेग ही तशीच फूट होय. तंतू तिला काही काळ आवरून धरतील. ती वेळीच बुजवून घेण्याचे काम मात्र गावाने जागरूक राहून केले पाहिजे.