मागच्या चाकातला हट्टी पिस्टन

रविवारी सकाळी गाडीचं मागचं चाक उतरवलं, झिजलेले ब्रेक पॅड काढले आणि नवे बसवायला घेतले, तर ते बसेनातच. नवे पॅड जाड. त्यांना जागा व्हायची तर कॅलिपरमधला पिस्टन आत जायला हवा. पुढच्या चाकांचं हेच काम मी सी-क्लॅम्प लावून दोन मिनिटांत उरकलं होतं. इथे क्लॅम्प आवळून आवळून मनगट दुखलं, पिस्टन तसूभर हलेना. अजून जोर लावला असता, तर आतलं काहीतरी मोडूनच बसलं असतं.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १२०० किलोच्या गाडीत सुमारे तीन लाख जूल ऊर्जा असते. लिटरभर पाणी जवळजवळ उकळीला येईल इतकी. ब्रेक मारला की ही सगळी ऊर्जा काही सेकंदांत पॅड आणि डिस्कच्या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते. त्या वेळी गाडीचा भार पुढे जातो, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे अजून ड्रमच दिसतात, ते यामुळेच. आणि जिथे मागेही डिस्क असते, तिथे पुष्कळदा त्याच कॅलिपरच्या गळ्यात हँडब्रेकही पडतो. हट्टाचं मूळ तिथे आहे.

पुढच्या पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला चिकटलेलं सील जरासं पिळवटतं. पाय उचलला की ते पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. एवढ्याशा रबराने पॅड डिस्कपासून सुटतो! पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून घसरून थोडा पुढची जागा धरतो. मागच्या पिस्टनमध्ये मात्र आट्यांचा स्क्रू असतो. झीज होईल तसा तो उलगडत जातो, म्हणजे हँडब्रेक ढिला पडत नाही. उलगडलेला स्क्रू दाबून कसा आत जाईल? पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांत हत्यार अडकवून, दाब देत, फिरवतच तो न्यावा लागतो. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मी फिरवला आणि तो मुकाट आत गेला.

या कामाला हँडब्रेक सोडलेला लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दगड लावायचे आणि नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, खाली स्टँड हवाच. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइल वर टाकीत चढतं. सांडलं तर रंग खातं. हे तेल हवेतला ओलावाही शोषतं. डॉट-४ जातीचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेल्या तेलाची हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाट उतरताना तेल उकळलं, तर वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. ज्यांचा हँडब्रेक बटणाचा आहे, त्यांनी खरं तर गॅरेजच गाठावं. त्या हँडब्रेकची मोटर आधी स्कॅनर लावून मागे घ्यावी लागते.

सगळं जोडून झालं, तरी लगेच गाडी हलवू नका. पिस्टन मागे गेल्याने पॅड आणि डिस्कमध्ये फट राहिलेली असते, पहिल्यांदा पेडल थेट तळाला टेकतं. ते घट्ट लागेपर्यंत जागेवरच दाबत राहा.